थर्मोपिलीची मागची वाट लिओनिडासला माहीत नव्हती का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही कोथरूडची पाच-सहा मंडळी रविवारी सिंहगड चढतो, परवा उतरताना थर्मोपिलीवरून जोरदार वाद झाला. एकाचं म्हणणं, ती ग्रीकांची पावनखिंडच, फक्त फितुरी झाली म्हणून हरले. मला कळत नाही की लिओनिडास स्पार्टाचा एवढा मुरलेला राजा, मग डोंगरातून मागे उतरणारी वाट आहे हे त्याला माहीतच नव्हतं का? आणि माहीत होतं तर पहारा का नाही बसवला?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : माहीत होतं, आणि पहाराही बसवला होता! नेमकं हेच गोष्ट सांगताना गाळतात आणि मला त्याची मनापासून खंत वाटते, कारण सगळं खापर शत्रूला वाट दाखवणाऱ्या एका एफियाल्टीसवर फोडलं की ती लढाई कळतच नाही.

साल इ.स.पू. ४८०. एका अंगाला कॅलिड्रोमस डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी, काही ठिकाणी तर जेमतेम एक गाडी जाईल एवढीच. तिथे ग्रीकांनी दोन दिवस पर्शियाचा बादशहा झर्क्सीसच्या फौजेला अडवून धरलं, त्याचं ‘अमर’ म्हणवणारं खास दलसुद्धा समोरून मार खाऊन परतलं. लिओनिडास खिंडीत आला तेव्हाच तिथल्या लोकांनी त्याला अनोपाया नावाच्या डोंगरवाटेबद्दल सांगितलं होतं. त्याने तिच्यावर फोकिस या ग्रीक प्रदेशातले १००० फोकियन ठेवले, आम्ही सांभाळतो म्हणून ते स्वतःच पुढे आले होते, मुलूखही त्यांच्याच शेजारचा. आणि त्या वाटेचा धोका त्यांच्याइतका कुणाला कळणार, कारण पूर्वी थेसलीवाल्यांना रोखायला याच फोकियनांनी खिंडीत भिंत घातली होती आणि थेसलीवाले ह्याच वाटेने वळसा मारून आले होते.

आता ती रात्र बघा, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने छान सांगितलीय. दिवेलागणीला पर्शियन सरदार हायडार्नीस ‘अमर’ दल घेऊन निघाला, पुढे वाटाड्या एफियाल्टीस. असोपस नदी ओलांडली, रात्रभर चढले, पहाटे माथ्यावर. सगळा डोंगर ओकच्या झाडांनी भरलेला, त्यामुळे फोकियनांना कुणी चढताना दिसलंच नाही, वारा मात्र पडलेला होता म्हणून पायाखालच्या पानांचा आवाज आला आणि तेव्हा कुठे ते धडपडत उठून चिलखतं चढवायला लागले. हायडार्नीसही दचकला, हे स्पार्टन तर नाहीत ना असं त्याने एफियाल्टीसला विचारलं, नाहीत म्हटल्यावर लगेच फौज मांडून बाणांचा वर्षाव केला. फोकियनांना वाटलं हल्ला आपल्यावरच आहे, ते वरच्या शिखरावर चढले आणि तिथे मरायची तयारी करून उभे राहिले. पर्शियन त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता खाली खिंडीच्या पाठीमागे उतरले.

मरायला तयार झालेल्या माणसांना पळपुटे म्हणायला माझं मन धजत नाही. पण त्यांना वाट राखायची होती, स्वतःला नाही, आणि वाट त्यांनी सोडली. खाली उतारावर चार माणसांची चौकी असती तरी तासभर आधी सुगावा लागला असता, पण हिरोडोटसच्या वर्णनात अशी चौकी कुठे दिसत नाही. लिओनिडासने निदान पाच-दहा स्पार्टन तरी त्यांच्याबरोबर द्यायला हवे होते असं मला ठामपणे वाटतं. एफियाल्टीसने वाट दाखवली हे खरंच, पण आसपासच्या लोकांना ठाऊक असलेली वाट आज ना उद्या कुणीतरी दाखवलीच असती.

पावनखिंडीचं म्हणाल तर साम्य आहे ते तिसऱ्या दिवसापुरतं. १६६० मध्ये बाजीप्रभूंना महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड धरायची होती, मागे कोण सुटतंय हे पहिल्यापासून ठरलेलं. थर्मोपिलीत आधी खिंड टिकवायचाच बेत होता, वेढा पडतोय हे पहाटे टेहळ्यांनी धावत येऊन सांगितलं तेव्हा लिओनिडासने बहुतेक फौज परत पाठवली आणि ३०० स्पार्टनांबरोबर मागे राहिला. आणि इथे एक आवर्जून सांगतो, तुमच्या ग्रुपलाही सांगा, थेस्पिया नावाच्या छोट्या गावचे ७०० जण डेमोफिलसच्या हाताखाली आपणहून थांबले आणि तिथेच मेले. सगळीकडे तीनशे तीनशे चालतं, ह्या सातशेंचं नाव कुणी घेत नाही! थीब्जचे ४०० सुद्धा होते, पण त्यांना जबरदस्तीने ठेवलं होतं आणि शेवटी ते शरण गेले असं हिरोडोटस म्हणतो. उरलेले भिंतीमागच्या टेकाडावर चढले, तलवारी मोडल्यावर हातांनी आणि दातांनीसुद्धा लढले. १९३९ मध्ये पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांनी ते टेकाड म्हणजे कोलोनोस टेकडी खणली तेव्हा तिथे बाणांची भरपूर टोकं सापडली.

ह्या वाटेने पुढेही असाच दगा दिला. इ.स.पू. २७९ मध्ये गॉल टोळ्या डोंगरवाटेनेच आल्या, पहाऱ्यावर परत फोकियनच होते आणि दाट धुक्यामुळे शत्रू अगदी जवळ येईपर्यंत त्यांना दिसला नाही. तेव्हा खिंडीतले ग्रीक वाचले ते अथेन्सच्या जहाजांनी त्यांना उचललं म्हणून. इ.स.पू. १९१ मध्ये रोमनांशी लढणाऱ्या सीरियाच्या राजा अँटिओकसने शहाणपणाने माथ्यांवर एटोलियन हे त्याचे ग्रीक साथीदार बसवले होते, तरी रोमन कॅटो रात्री चढला आणि पहाटे त्यांच्यावर तुटून पडला, बरेचसे झोपेतच होते.