चंद्राच्या फोटोत दाणे का येतात? वाचकांचे प्रश्न

कोजागिरीनंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: चंद्र टिपला, पण मोठा करून पाहिला की फोटो दाणेदार. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि ५५-२५० मिमी झूम वापरून कोजागिरीला गच्चीवरून फोटो काढले. आयएसओ (कॅमेरा सिग्नल किती वाढवतो तो आकडा) ३२००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), शटर १/४००० सेकंद. उजेड बरोबर आला, पण चंद्रावरच्या काळसर भागात नुसते दाणे दिसतात. लेन्स बदलावी का? (वाचक, कोथरूड)

उत्तर: लेन्सचा काही दोष नाही. रात्र आहे म्हणून आयएसओ वाढवायचा, ही सवय इथे नडते. पौर्णिमेला आपल्याला दिसणाऱ्या चंद्रावर लख्ख ऊन पडलेलं असतं, म्हणजे तुम्ही उन्हातल्या वस्तूचाच फोटो काढत असता. जुन्या फोटोग्राफरांचा ठोकताळा असा: एफ/११ ठेवा आणि शटर १/आयएसओ. म्हणजे आयएसओ १०० ला १/१००, आणि एफ/८ ला १/२००. पुण्याच्या हवेतला धुरळा लक्षात घेता एफ/८ ला १/१२५ पासून सुरुवात करावी.

आता तुमचे आकडे बघा. आयएसओ ३२०० ला १/४००० म्हणजे आयएसओ १०० ला १/१२५. पडद्यावरचा उजेड दोन्हीकडे सारखाच, पण तुमच्या सेन्सरवर प्रकाश ३२ पट कमी पडला. दाणे त्यातून आले. आयएसओ स्वतः दाणे तयार करत नाही, तो फक्त मिळालेला सिग्नल वाढवतो, चांगला आणि वाईट दोन्ही. प्रकाश कणाकणाने आणि अनियमित येतो. वळवाचे पहिले थेंब गच्चीच्या फरशांवर कसे कमीजास्त पडतात, तसंच हे पिक्सेलवर होतं. एका पिक्सेलवर १०,००० कण आले तर त्यातला चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० असतो: एक टक्का, जो डोळ्याला जाणवत नाही. तेच कण ३२ पट कमी होऊन ३१० च्या आसपास आले की चढउतार १८ च्या घरात जातो, जवळजवळ सहा टक्के. सपाट करड्या भागात तो लगेच उघडा पडतो.

तेव्हा आयएसओ १००, एफ/८, १/१२५. ट्रायपॉड भक्कम हवा, २ सेकंदांचा टायमर किंवा रिमोट हवा, आणि ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. चंद्र सरकून फोटो हलेल ही भीती या वेगाला नको. २५० मिमीला तुमच्या सेन्सरवर चंद्र सेकंदाला साधारण ५ पिक्सेल सरकतो, १/१२५ सेकंदात ते नगण्य आहे.

प्रश्न: मी आयएसओ १०० च ठेवतो, तरी अष्टमीच्या चंद्रात दाणे येतात. एफ/८, १/५०० ला काढून नंतर कॉम्प्युटरवर उजळ करतो. (वाचक, सिंहगड रोड)

उत्तर: नंतर उजळ करणं म्हणजे आयएसओ वाढवण्याचंच दुसरं रूप. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून उजेडही पौर्णिमेच्या निम्मा असेल असं वाटतं, प्रत्यक्षात तो दहाव्या भागाच्या आसपासच भरतो. ऊन तिरपं पडतं आणि डोंगर-विवरांच्या सावल्या पसरलेल्या असतात. एफ/८, आयएसओ १०० ला अष्टमीसाठी १/५० लागतो, चतुर्थी-पंचमीच्या कोरीसाठी १/२५. तुम्ही दहापट कमी प्रकाश दिलात.

खरा मापदंड आकड्यांचा कोष्टक नव्हे, तर कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम (फोटोत काळा भाग किती, उजळ किती ते दाखवणारा आलेख) आहे. तो वाचताना मात्र फसगत होते: डावीकडचा उंच खांब काळ्या आकाशाचा असतो, त्याकडे दुर्लक्ष करा. चंद्र म्हणजे उजवीकडचा छोटासा उंचवटा. तो उजव्या कडेला भिडेल इतका जवळ न्यायचा, पण कापला जाता कामा नये. सोपा मार्ग असा: अतिउजळ भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना चालू ठेवा, शटर एकेक पायरी मंद करत जा आणि लुकलुक दिसली की एक पायरी मागे या. पौर्णिमेला टायको विवराभोवतीचे पट्टे आणि ॲरिस्टार्कस विवर सर्वांत आधी लुकलुकतात. नजर तिथेच ठेवा.

मीटरिंग (उजेड मोजणं) आपोआप सोडलं तर कॅमेरा काळं आकाश मोजतो आणि चंद्राची पांढरी थाळी करतो. म्हणून मोड मॅन्युअलच. फोटो रॉमध्येच (सेन्सरकडून आलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या. सावल्या आपोआप उजळणारा पर्याय वेगवेगळ्या कंपन्यांत वेगळ्या नावानं असतो, तो बंद करा. जेपेगमध्ये तो काळोखातले दाणे वर काढतो.

अष्टमीला प्रकाश-अंधाराच्या सीमेवर तरीही दाणे राहतील, कारण तिथला उजेड कडेच्या मानानं फार कमी असतो. त्यासाठी दोन संच घ्यावेत, एक कडेसाठी आणि दुसरा दोन पायऱ्या जास्त उजेडाचा, सीमेसाठी. दोन्ही नंतर मास्क लावून जोडता येतात. एकाच फोटोच्या सावल्या ओढून वर काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

प्रश्न: स्टॅकिंगनं (अनेक फोटो एकमेकांवर बसवून) दाणे जातात असं वाचलं. नेमकं कसं करायचं? (वाचक, पिंपरी)

उत्तर: चंद्रासाठी याहून चांगला उपाय नाही, म्हणून सविस्तर सांगतो. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतात, विवरं मात्र जागची हलत नाहीत. फ्रेम एकमेकांवर नीट बसवून सरासरी काढली की दाणे फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतात: १६ फ्रेमना चौपट, ६४ ला आठपट, १०० ला दहापट. ६४ वरून १०० वर जाण्यात फायदा थोडाच, हेही यातून कळतं.

आधी फोकस. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून प्रकाश-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांवर हातानं फोकस करा आणि ऑटोफोकस बंद ठेवा. मग लाइव्ह व्ह्यूही बंद करा, सेन्सर उगाच तापतो. एकच एक्स्पोजर, एकच व्हाइट बॅलन्स ठेवून ८०-१०० रॉ फ्रेम घ्या. साध्या कॅमेऱ्याचा बफर (फोटो तात्पुरते साठवणारी मेमरी) सहा-आठ फ्रेममध्ये भरतो. तो रिकामा होईपर्यंत थांबा, आणि त्या वेळात ट्रायपॉडचं डोकं किंचित वेगळ्या दिशेला हलवा. ही हालचाल महत्त्वाची आहे. सेन्सरवरचे दोषी पिक्सेल जागचे हलत नाहीत, चंद्र मात्र एकाच दिशेनं सरकतो. चंद्रावर चंद्र बसवला की ते पिक्सेल एका रेषेत येतात आणि फोटोवर तिरपे ओरखडे उमटतात. जागा बदलली की ते विखुरतात.

घरी आल्यावर सगळ्या रॉ फाइल एकाच सेटिंगनं १६ बिट टिफमध्ये काढा. शार्पनिंग (कडा धारदार करणं) शून्य, नॉइज रिडक्शन (दाणे पुसणं) शून्य. पीआयपीपी या सॉफ्टवेअरमध्ये चंद्र मध्यभागी आणून कापा. २५० मिमीला चंद्र जेमतेम ६०० पिक्सेल रुंद येतो, तेव्हा ८०० पिक्सेलचा चौकोन पुरतो. मग ऑटोस्टॅकर्ट. पूर्ण चंद्र फ्रेममध्ये असेल तर प्लॅनेट पर्याय निवडा, विश्लेषण करू द्या, वरच्या ४० टक्के फ्रेम ठेवा आणि ५० पिक्सेलच्या आसपासचे अलाइनमेंट पॉइंट (फ्रेम जुळवण्याच्या खुणा) टाका. सगळ्या फ्रेम घेतल्या तर दाणे आणखी कमी होतील खरे, पण हवेनं बिघडलेल्या फ्रेमही आत येतील आणि विवरांच्या कडा मऊ होतील.

शेवटी रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेट (तपशील थरांत वाटून धारदार करणं). इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. पहिला थर सर्वांत बारीक तपशिलाचा, आणि उरलेले दाणेही त्याच थरात असतात. तो जवळजवळ तसाच ठेवून दुसरा आणि तिसरा थर हळूहळू वाढवा. सपाट ‘सागरां’त (चंद्रावरच्या काळसर मैदानांत) कण दिसू लागले की मागे या. ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि विंडोजवर चालतात.

प्रश्न: शहरातला उजेड टाळायला सिंहगडावर जावं का? (वाचक, धनकवडी)

उत्तर: दाण्यांसाठी नको. चंद्राच्या मानानं शहराचा उजेड किरकोळ आहे. उंचावर धुरळा कमी लागेल एवढाच लाभ.

प्रश्न: मे महिन्यात हडपसरच्या आमच्या गच्चीवरून चंद्र उकळत असल्यासारखा दिसतो. हाही नॉइजच का? (वाचक, हडपसर)

उत्तर: नाही, ही हवेची थरथर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. गच्चीऐवजी गवतावर किंवा मोकळ्या मैदानात उभे राहा, शक्य तर पहाटे. चंद्र क्षितिजापासून ३० अंशांवर असताना प्रकाशाला डोक्यावरच्या मानानं दुप्पट हवेतून यावं लागतं, १० अंशांवर साडेपाच पट. त्यात उजेडही घटतो, मग शटर मंद करावं लागतं. पुण्यातून मार्गशीर्ष-पौषाच्या पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळपास माथ्यावर येतो. ज्येष्ठाचा दक्षिणेकडे ४५-५० अंशांच्या आसपासच चढतो. चांगला फोटो हवा असेल तर हिवाळा निवडा.

प्रश्न: खग्रास ग्रहणात आयएसओ १०० कसा चालेल? (वाचक, औंध)

उत्तर: चालणार नाही. खग्रास स्थितीत उजेड हजारो पटींनी घटतो, तिथे आयएसओ वाढवावाच लागतो. स्थिर ट्रायपॉडवर २५० मिमीला अर्ध्या सेकंदाच्या पुढे जाऊ नका, तेवढ्यातही चंद्र अडीच पिक्सेल सरकतो. एफ/५.६, आयएसओ १६०० ते ३२०० ठेवून ३०-४० फ्रेम घ्या आणि स्टॅक करा. लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओ आणि त्याच वेळेच्या १५-२० काळ्या फ्रेमही घ्या. सेन्सरचे तापलेले पिक्सेल त्यातून वजा होतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मात्र बंद ठेवा, ते प्रत्येक फोटोमागे तितकाच वेळ खातं.

ट्रॅकर (आकाशाच्या गतीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र) असेल तर दोन-तीन सेकंद मिळतात आणि आयएसओ ४०० वर येतो. पण ट्रॅकर ध्रुवताऱ्याकडे रोखून लावावा लागतो, आणि पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर असतो, समोरची इमारत तो सहज झाकते. उत्तरेकडे मोकळी असलेली गच्ची आधीच हेरून ठेवा. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे.

प्रश्न: मोबाइलवर काही करता येईल? (वाचक, कात्रज)

उत्तर: प्रो मोडमध्ये आयएसओ ५०, आणि एफ/१.८ च्या मुख्य कॅमेऱ्याला १/१५०० च्या आसपास शटर. दाणे जातील, पण चंद्र जेमतेम पन्नास-साठ पिक्सेलचा येईल. टेलिस्कोपच्या आयपीसला (डोळा लावतात त्या भिंगाला) क्लॅम्पनं मोबाइल जोडलात तर चित्र पालटतं. मग वर सांगितल्याप्रमाणे फ्रेम घेऊन स्टॅकही करता येतात.