वाचकांचे प्रश्न : लांब मानेचे माप

प्रश्न : माझ्या संग्रहात ब्रॅकिओसॉरस या लांब मानेच्या डायनासोरची व्हिनाइलची एक प्रतिकृती आहे. खोक्यावर १:४० असे प्रमाण छापलेले आहे, पण पट्टी धरून नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजले, तर जेमतेम ३७ सेंटिमीटर भरते. मूळ प्राण्याची लांबी सुमारे २२ मीटर धरली, तर ती ५५ सेंटिमीटर असायला हवी. छापलेले प्रमाण खोटे समजावे काय? शिवाय दोन उन्हाळ्यांत तिची मान पुढे झुकली आहे. ती पूर्ववत करता येईल का?

उत्तर : निकाल देण्यापूर्वी पट्टी बाजूला ठेवून दोरा घ्या. प्राण्याची लांबी पाठीच्या कण्यावरून मोजतात, आणि मान उभी असलेल्या प्रतिकृतीत सरळ पट्टी त्या लांबीचा मोठा भाग गिळून टाकते. ओठापासून मानेवरून, पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत दोरा वळणावळणाने बसवा आणि मग तो पट्टीवर ताणून पाहा.

तरीही एकट्या लांबीवर विसंबू नये, असे माझे मत आहे. या प्राण्यांत मान आणि शेपटी यांचाच वाटा इतका मोठा असतो, की शिल्पकाराने शेपटी थोडी आखडली तरी सगळे गणित बिघडते. डिप्लोडोकस या दुसऱ्या लांब मानेच्या डायनासोरच्या प्रतिकृतीत तर हे हमखास होते, कारण त्याच्या चाबकासारख्या शेपटीचे टोक १:४० प्रमाणात अगदी मिलिमीटरभर जाडीचे होईल, आणि तसे साच्यातून काढले तर ते पहिल्याच धक्क्याला मोडेल. म्हणून उत्पादक ते जाड तरी करतात किंवा आखूड तरी.

त्यापेक्षा हाड मोजावे. बर्लिनच्या संग्रहालयात उभारलेला, ब्रॅकिओसॉरसचा म्हणून सुप्रसिद्ध असलेला सांगाडा १३.२७ मीटर उंच आहे आणि त्याच्या दंडाचे हाड २.१३ मीटर लांब आहे. १:४० प्रमाणात ही मापे अनुक्रमे सुमारे ३३ आणि ५.३ सेंटिमीटर होतात. आपल्या प्रतिकृतीच्या खांद्यापासून कोपरापर्यंतचे अंतर कातड्यावरून अंदाजाने मोजा. ते ५ सेंटिमीटरच्या आसपास आले, तर छापलेला आकडा मान्य करायला हरकत नाही.

मात्र हा सांगाडा टांझानियातील टेंडागुरू येथे सापडलेल्या अवशेषांचा आहे. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ यानेन्श यांनी १९१४ मध्ये त्याला ब्रॅकिओसॉरसमध्ये घातले होते. आज तो सामान्यतः जिराफाटायटन या स्वतंत्र प्रजातीत धरला जातो. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ रिग्ज यांनी १९०३ मध्ये वर्णन केलेल्या मूळ अमेरिकी ब्रॅकिओसॉरसच्या सांगाड्यात मानच मिळालेली नव्हती. त्यामुळे खोक्यावर नाव कोणतेही असो, बहुतेक प्रतिकृतींची उंच मान आणि डोक्यावरचा उंचवटा बर्लिनचाच असतो. (संग्राहकांमधले निम्मे वाद या नावावरूनच पेटतात!)

मान झुकण्याचे कारण साधे आहे : व्हिनाइल उष्णतेने मऊ पडते आणि लांब मान स्वतःच्याच वजनाने खाली येते. पाणी चांगले गरम करावे, पण उकळते नको. त्यात फक्त मान मिनिटभर बुडवून ती लवचीक झाली की हव्या त्या स्थितीत धरावी, आणि तशीच धरून थंड पाण्यात घालावी. एकदम न वळवता दोन-तीन वेळा थोडे थोडे वळवल्यास रंगाला तडे जात नाहीत. रेझिनच्या प्रतिकृतीवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. ती ठिसूळ असते आणि जोर दिल्यास तुटते. मान सरळ झाल्यावर प्रतिकृती खिडकीपासून दूर ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्यात हनुवटीखाली स्पंजचा छोटा ठोकळा टेकू म्हणून द्या.