कोपराच्या आत एक्झिमा आहे, कडुनिंब-हळदीचा लेप लावू का?

थेट नको. मी सोलापूरचा. आजीनं एकदा कडुनिंबाचा पाला वाटून माझ्या कोपरावर थापला होता, तासाभरात कातडी लालबुंद. हळदीतलं कर्क्युमिन दाह कमी करतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही, कातडीतून फारसं आतही जात नाही. शर्ट मात्र पिवळा होतो!

त्यातल्या त्यात कोरफड बरी. पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक गळू द्या (आग होते ती बहुतेक त्यानंच), मग आतला पारदर्शक गर घ्या. आधी मनगटाच्या आत रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस बघा.

बावचीचं तेल कुणी सुचवलं तर हात जोडा. त्यातलं सोरॅलेन ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी करतं, फोड येतात. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, ऊन चुकवणार कुठे?

डॉक्टरांनी दिलेलं मलम मनानं बंद करू नका. पाणी सुटलं किंवा पिवळी खपली धरली, तर पाला-बिला सोडून सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा.