‘इनडिस्क्रीट’ या इंग्रजी सिनेमात नायक-नायिका एका पलंगावर दिसतात, ते 1958 च्या सेन्सॉरने चालवून कसं घेतलं?

चालवून घेतलं, कारण ते एका पलंगावर नाहीतच! तो पॅरिसमध्ये, ती लंडनमध्ये, आणि दोघं आपापल्या अंथरुणात पडून फोनवर बोलतायत. दिग्दर्शक स्टॅनली डोननने पडदा मधोमध उभा चिरला, एका अर्ध्यात कॅरी ग्रँटचा पलंग बसवला, दुसऱ्यात इनग्रिड बर्गमनचा. बोलता बोलता त्याचा हात मधल्या रेघेकडे सरकतो, तिचाही येतो, आणि आपल्याला वाटतं, धरला हात. हरकत घ्यायची तर नेमकी कशाला?

मी हा प्रसंग चार-पाच वेळा मागे-पुढे करून पाहिला. हात एका क्षणाने जरी चुकला असता तरी सगळी गंमत गेली असती. डोनन मूळचा नाचातला माणूस, त्यामुळे ‘एक-दोन-तीन’ मोजत हालचाली बसवणं त्याच्या अंगवळणी पडलं असणार, असं मला आपलं वाटतं.

सिनेमा घडतो लंडनमध्ये आणि बनलाही इंग्लंडमध्येच. ग्रँट आणि डोनन यांनी त्यासाठी काढलेल्या कंपनीचं नावही दोघांच्या नावांचं कडबोळं: ग्रॅन्डन. पण वितरण वॉर्नर ब्रदर्सचं, म्हणजे अमेरिकेत दाखवायचा तर तिथली सिनेमांसाठीची आचारसंहिता पाळणं आलं. 1934 पासून ती कडकपणे लागू होती. विवाहबाह्य संबंध मोहक करून दाखवायचे नाहीत, आणि पडद्यावरच्या नवरा-बायकोचेसुद्धा पलंग बहुधा वेगळे. ग्रँट-बर्गमन जोडीने याच नियमांना आधीही एकदा गुंगारा दिला होता. 1946 साली हिचकॉकच्या ‘नटोरियस’मध्ये लांब चुंबन चालणार नव्हतं, म्हणून दोघं अडीचेक मिनिटं छोटी छोटी चुंबनं घेत, मध्ये जेवणाच्या गप्पा मारत, फोन करत फिरतात. बारा वर्षांनी चुंबनाच्या जागी पलंग आला, इतकंच.

पण माझ्या मते खरी चलाखी पलंगात नाही, कथेतच आहे. आपल्याकडच्या विनोदी नाटकांत भाड्याची खोली मिळावी म्हणून बायको असल्याचं सोंग करणारे नायक ढिगाने सापडतील. इथला नायक अविवाहित आहे आणि सांगतो काय, तर माझं लग्न झालंय, बायको घटस्फोट देत नाही. का? म्हणजे पुढे कुणी लग्नाचा हट्ट धरू नये. नायिका प्रसिद्ध नटी, ती हे सगळं मान्य करून प्रकरण चालू ठेवते. म्हणजे प्रेक्षकाला भानगड पाहिल्याचा आनंद मिळतो, आणि कागदोपत्री भानगड नाहीच! सत्य कळल्यावर तिचा संताप बघण्यासारखा आहे: लग्न झालेलं नसताना या माणसाने माझ्यावर प्रेम करायची हिंमत केलीच कशी? नॉर्मन क्रास्नाचं मूळ नाटक 1953 साली ब्रॉडवेवर आलं तेव्हा ते न्यूयॉर्कमध्ये घडत होतं. पटकथाही त्यानेच लिहिली.

आता तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. हे विनोदी प्रकरण रंगवत असताना बर्गमनच्या घरी काय चाललं होतं? 1949-50 मध्ये नवरा असताना ती इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीच्या प्रेमात पडली, तेव्हा अमेरिकेच्या सेनेटमध्ये तिच्या नावाने शंख झाला होता. पुढे तिने रोसेलिनीशी लग्न केलं. तो नेहरूंच्या निमंत्रणावरून माहितीपट करायला भारतात आला आणि इथे सोनाली दासगुप्ता या विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला. ती माहितीपटकार हरिसाधन दासगुप्तांची पत्नी. 1957 मध्ये मुंबईच्या वर्तमानपत्रांनी ते प्रकरण मनसोक्त चघळलं. ताजमध्ये उतरलेला इटालियन पाहुणा हा तेव्हा गावभर चर्चेचा विषय होता.

त्याच वर्षाच्या शेवटी बर्गमन आणि रोसेलिनी वेगळे झाले, आणि ती या सिनेमासाठी लंडनला उतरली. विमानतळावर पत्रकारांचा गराडा. तिने आत्मचरित्रात सांगितलंय की ग्रँट तिथेच टेबलावर बसला होता आणि ओरडून म्हणाला, तिला काय विचारता, माझ्या भानगडी ऐका! 1957 च्या मार्चमध्ये ‘अ‍ॅनास्टेशिया’साठीचं तिचं ऑस्करही तिच्या वतीने त्यानेच स्वीकारलं होतं. मला हा माणूस पडद्यापेक्षा या दोन प्रसंगांमुळे जास्त आवडतो.

मधला भाग थोडा रेंगाळतो, नाटकाचं बाड अंगावर येतं, तेवढं सहन करा. फोनचा प्रसंग झाला की बंद मात्र करू नका. पुढे स्कॉटिश रील नाचाचा प्रसंग आहे. तिला सगळं कळलंय, याला त्याचा पत्ता नाही. लहानपणी कसरतींच्या मंडळीत घडलेला ग्रँट पन्नाशी ओलांडून पोरासारखा उड्या मारतोय, आणि ती दात-ओठ खात त्याच्याकडे बघतेय.