जोड गळला, पिशवी लागली. केमो थांबवावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६४ वर्षांचे, सिग्मॉइडचा, म्हणजे गुदाशयाच्या लगेच वरच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी आतड्याचा जोड गळला, त्याच रात्री पोट पुन्हा उघडून आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला काढलं आणि शौचासाठी तिथे पिशवी लावली. आज ५ आठवडे झालेत. बायोप्सीत २ लिंफ नोड पॉझिटिव्ह, म्हणजे आतड्याजवळच्या दोन लसिकाग्रंथींत कॅन्सर सापडला, वजन ६२ वरून ५४ वर आलंय. काका म्हणतात, इतकं सोसलंय, पिशवी बंद होऊ दे, अंगात जीव येऊ दे, केमोचं दोन-तीन महिन्यांनी बघू. भावाला वाटतं डॉक्टर चुकले. आणि तुम्हाला भीती आहे ती गळतीमुळे कॅन्सर परत येण्याची. मी डॉक्टर नाही. सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली, आतड्याची ऑपरेशनं झालेले पेशंट सांभाळले, त्या अनुभवावर लिहिते.

आधी काकांचं, कारण वेळ तिथेच चाललाय. पिशवी बंद होईपर्यंत केमो थांबवायची नसते. पिशवी असताना केमो व्यवस्थित घेता येते, आणि आतडं परत जोडण्याचं ऑपरेशन बहुधा केमो संपल्यावरच करतात. नोड पॉझिटिव्ह म्हणजे तिसरी स्टेज. अशा वेळी ऑपरेशनपासून साधारण ८ आठवड्यांच्या आत केमो सुरू व्हावी असा प्रयत्न असतो. २०११ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा दर ४ आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूची जोखीम आधीच्या मानाने सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. काकांची माया मला कळते, पण ते दोन-तीन महिने फार महागात पडतील. गळती झालेल्या पेशंटचं पुढे जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं याच वाटेने होतं. ताप, न भरणारी जखम, अशक्तपणा, यात केमो लांबते, डोस कमी होतो, कधी राहूनच जाते. वडिलांच्या बाबतीत हे अजून टळू शकतं.

आता कॅन्सर परत येण्याबद्दल. गुदाशयाचा जोड गळला तर त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं आहे. गुदाशयाच्या वरच्या आतड्याबद्दल मात्र सगळे अभ्यास एकच सांगत नाहीत. त्यामुळे गळती झाली म्हणजे कॅन्सर येणारच, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. फॉलोअप मात्र चुकवायचा नाही. पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी आणि सीईए (कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी), डॉक्टर सांगतील तसा सीटी, आणि वर्षाने कोलोनोस्कोपी.

भावाला एवढं सांगा की जोड चांगल्यातल्या चांगल्या सर्जनच्या हातूनही गळतो. धूम्रपान, स्टेरॉइड, खालावलेलं पोषण, जोड किती खाली आहे, घाईत करावं लागलेलं ऑपरेशन, अशी बरीच कारणं त्यामागे असतात. खरा फरक पडतो तो गळती किती लवकर ओळखली यावर. अमेरिकेत २००९ मध्ये हॉस्पिटलांची तुलना झाली होती. जास्त मृत्यू होणाऱ्या आणि कमी मृत्यू होणाऱ्या हॉस्पिटलांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. पण मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी एकीकडे २१ टक्क्यांच्या वर दगावले, दुसरीकडे साडेबारा. वॉर्डात हे डोळ्यांसमोर घडतं. काल कॉरिडॉरमध्ये चालणारा माणूस आज उठायला नको म्हणतो. ताप फारसा नसतो, पण नाडी ११०-१२० लागते, पोट तटतटतं, उचक्या सुरू होतात, आणि ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीतलं पिवळसर पाणी गढूळ होऊन त्याला वास येतो. अशा वेळी "गॅस झाला असेल" म्हणत रात्र काढली की सेप्सिस, म्हणजे अंगभर इन्फेक्शन पसरतो. तुम्ही लिहिलंय की सकाळी नाडी वाढली, दुपारी सीटी झाला आणि रात्री पोट उघडलं. माझ्या मते त्या टीमने वेळ दवडला नाही, आणि वडील आज घरी आहेत त्यात याचा मोठा वाटा आहे.

आता ताटाकडे बघा. आपल्याकडे ऑपरेशन झालं की पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, असं पथ्य महिनोन्‌महिने चालतं. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. ५४ किलोच्या माणसाला अशा काळात दिवसाला ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि एका अंड्यात मिळतात फक्त ६. तेव्हा प्रत्येक खाण्यात काहीतरी हवंच: अंडी, दही, पनीर, मुगाचं घट्ट वरण, खात असतील तर मासे किंवा चिकन. एकदम भरपूर जात नाही, म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा. सर्जनने अमुक बंद असं सांगितलं असेल तर ते पाळा, नाहीतर मनानेच पथ्य लावू नका. हिंडणंफिरणंही हवं. घरातल्या घरात सकाळ-संध्याकाळ चालवा, रोज थोडं वाढवत. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली तर मालिश करू नका, लगेच दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते.

ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांकडे, याच आठवड्यात जा. "बरे झाले की येतो" असं फोनवर सांगू नका; केमोसाठी ते पुरेसे बरे आहेत का हे त्यांना पेशंट बघूनच ठरवता येईल. पोटात पू राहिलाय का, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि हिमोग्लोबिन किती आहे, हे विचारा. पोटावरची मधली जखम अजून उघडी असली तरी लालसर होऊन भरत आली असेल आणि आत इन्फेक्शन नसेल, तर तेवढ्यासाठी केमो अडवतातच असं नाही. हा निर्णय सर्जन आणि ऑन्कॉलॉजिस्ट यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो, तसं बोलणं झालंय का तेही विचारा. ३ महिन्यांचा कोर्स पुरेल का, हेही विचारून ठेवा. नोड ३ पर्यंतच असतील आणि गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर फार गेली नसेल, तर आता बऱ्याच जणांना ६ ऐवजी ३ महिनेच देतात. काकांना हे कळलं तर त्यांचाही विरोध बराच कमी होईल. त्यांना सोबत घेऊन जा.