दुसरे घर भाड्यासाठी घ्यावे का?

प्रश्न : हडपसरच्या माझ्या भाड्याने दिलेल्या सदनिकेचे कर्ज फिटले आहे. आता ६० लाखांची दुसरी घ्यावी, असे वाटते. तिचे दरमहा १८ हजार भाडे येईल. बँकांच्या लिलावात घर स्वस्त मिळते का?

उत्तर : आधी हिशेब पाहावा. ८० टक्के, म्हणजे ४८ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतल्यास हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो; म्हणजे नवे भाडे मिळूनही दरमहा साडेतेवीस हजारांहून अधिक रक्कम आपल्याला घालावी लागेल. ती पहिल्या सदनिकेच्या भाड्यातून निघत नसेल, तर स्वतःची भर वाढवून कर्ज कमी करावे, असे मला मनापासून वाटते. मुद्रांक शुल्क व नोंदणीसाठी सुमारे साडेचार लाख वेगळे ठेवावेत.

लिलावात घर स्वस्त मिळू शकते, पण ते ‘जसे आहे तसे’, म्हणजे जुन्या थकबाकी-अडचणींसह, विकले जाते. बोली मान्य होताच बोलीपूर्वी भरलेल्या अनामतीसह २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते, उरलेली साधारणपणे १५ दिवसांत. त्यामुळे कर्जमंजुरी आधीच हाती हवी. सोसायटीच्या सचिवांना भेटून थकबाकी लेखी घ्यावी आणि घरी जाऊन आत कोण राहते, हे स्वतः पाहावे. ताबा बँकेकडे केवळ कागदोपत्री असेल, तर बोली लावू नये.