'दुष्ट संख्या' म्हणावे का?

प्रश्न: द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिल्यावर ज्या संख्येत १ हा अंक सम वेळा येतो, तिला इंग्रजीत 'इव्हिल नंबर' म्हणतात. मराठीत 'दुष्ट संख्या' चालेल का?

उत्तर: चालणार नाही, कारण हे नाव दुष्टपणावरून पडलेलेच नाही. सम म्हणजे 'ईव्हन', त्याच्याशी उच्चार जुळतो म्हणून 'इव्हिल'. १ विषम वेळा आला तर 'ऑड'शी जुळणारा 'ओडियस', म्हणजे किळसवाणा. बर्लेकॅम्प, कॉनवे आणि गाय या गणितज्ञांनी खेळांच्या गणितावरच्या १९८२च्या ग्रंथात केलेली ही कोटी आहे. 'दुष्ट' म्हटले की त्यातला सम हरवतो आणि शब्द आठवायला काही आधारच उरत नाही.

कोटीच हवी असेल, तर मराठीत ती फार सुरेख जमते: 'समंध संख्या' आणि 'विषारी संख्या'. समंध म्हणजे पिशाच्च, आणि त्यात 'सम' आयताच बसला आहे. 'विषम'चा विषाशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही (तो वि + सम), पण इंग्रजीतली जोडीही निव्वळ उच्चारावरच उभी आहे.

पाठ्यपुस्तकी लेखनासाठी मी 'समैक' आणि 'विषमैक' सुचवीन: ज्यातले एक सम आहेत ती समैक. 'समअंकी' नको, 'दोनअंकी'च्या चालीवर त्याचा अर्थ 'अंकांची संख्या सम असलेली' असा होतो. 'एककांची संख्या' हेही टाळा, कारण एकक म्हणजे एकं-दहंमधले स्थान. 'एकांची संख्या' म्हणा.

ओळखायची रीत सोपी. १३ ला दोनने भागत जा: भागाकार ६, ३, १, ०, बाक्या १, ०, १, १. खालून वर वाचल्या की ११०१. फक्त प्रकार ठरवायचा असेल तर क्रम लागतच नाही, बाक्यांतले एक मोजा. तीन आहेत, म्हणून १३ विषमैक. सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'सम' आणि 'समैक' यांत. ३ (११) विषम आहे पण समैक. २ (१०) सम आहे पण विषमैक.

दुप्पट केली की शेवटी नुसते शून्य लागते, म्हणून प्रकार बदलत नाही: ३, ६, १२ तिन्ही समैक. दुपटीत एक मिळवला की मात्र उलटतो: ७ विषमैक. त्यामुळे ०-१, २-३, ४-५ अशा प्रत्येक जोडीत एक समैक, एक विषमैक असतेच. ० ते १५ मधल्या समैक ०, ३, ५, ६, ९, १०, १२, १५. त्यांची बेरीज ६० आणि उरलेल्या आठ विषमैकांचीही ६०. वर्गांची बेरीज दोन्हीकडे ६२०, घनांची ७२००! हा गुण फ्रेंच गणितज्ञ प्रूए यांनी १८५१ मध्ये मांडला, करून पाहाच.

संगणकातली 'सम पॅरिटी' म्हणजे हेच: एक जादा बिट (० किंवा १) जोडून संपूर्ण बिटमाला समैक करायची. वाटेत एक बिट उलटला तर ती विषमैक होते आणि चूक सापडते. दोन उलटले तर पुन्हा समैक, म्हणून चूक निसटते.

वाक्यात वापरताना एक जपा: 'समैक अधिक समैक बरोबर समैक' असा नियम नाही. ३ + ५ = ८, आणि ८ म्हणजे १०००, विषमैक. हातचा न घेता, प्रत्येक स्थानी १ + १ = ० धरून बेरीज केली तरच तो नियम खरा: ०११ आणि १०१ मिळून ११०, म्हणजे ६.